साय बुडाली

ओदिलनं पिंपाच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिथं आवाज पोकळ यायला हवा होता. आला तो बद्द. बूच काढून बघते तर वाइन काठोकाठ.

फ्रान्सच्या या जुरा भागात शेंबड्या पोरालाही कळतं की पिवळ्या वाइनचं पिंप एकदा भरलं की सहा वर्षं त्याला शिवायचं नाही. वाइन आटते, ती आटू द्यायची. वर यीस्टची साय धरते आणि तिच्याखालीच अक्रोडाचा तो वास तयार होतो. मध्येच कुणी नवी वाइन ओतली की साय बुडाली, सगळं मुसळ केरात.

आणि हे पिंप आईचं होतं. पाच वर्षांपूर्वी आईनं शेवटची द्राक्षं तोडली, ती यात होती. तिच्यामागं तळघर सांभाळलं ओदिलनं. पण या ईस्टरला पापांनी चावी दिली तिच्या धाकट्या भावाला, थिबोला, कारण तो मुलगा आणि बर्गंडीत वाइन करायला शिकून आलेला. ओदिलनं चावी मागितली की पापा म्हणत, "बघू." आजही रविवारच्या कोंबड्यासाठी वाइन काढायची म्हणून तासाभरापुरती मिळाली होती.

तिनं त्याच पिंपातली वाइन काढली, चावी थिबोला परत केली आणि कोंबडा शिजवला. दुधाची साय, अळंबी, सगळं नेहमीसारखं.

जेवताना तिनं गोड आवाजात विचारलं, "थिबो, गिऱ्हाइकांच्या कार्डावर काय छापलंयस? आपली पिवळी कशाबरोबर प्यायची?"

"कालवांबरोबर. बर्फात गार करून."

"आणि कोंबडा? जुनं चीज?"

"जुनाट झालं ते, ताई."

पापांनी रस्सा चाखला आणि चमचा खाली ठेवला. "ओदिल, कुठली वाइन घातलीस? अक्रोड लागतच नाही."

"आईच्या पिंपातली. का लागत नाही ते विचारा तुमच्या लेकाला."

थिबो कावराबावरा झाला. "पाव पिंप रिकामं झालं होतं, पापा. बर्गंडीत आम्ही पिंपं सारखी भरत असतो. नाहीतर वाइन नासते. मी तर वाचवली."

"वाचवलीस," ओदिल म्हणाली. "शिकायला गेला होतास की हुंदडायला?"

"पुरे," पापा म्हणाले. "पोरानं चांगल्यासाठीच केलं. एका पिंपानं काही आपण बुडत नाही."

ओदिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं ती त्या पिंपाजवळून दबक्या पावलांनी चालली होती, आणि यांना ते एक पिंप वाटत होतं.

"किती पिंपं भरलीस रे?" तिनं विचारलं.

थिबो ताटाकडे बघत राहिला. "सगळी. सातही."

पापांचा चेहरा उतरला. मग त्यांनी थिबोपुढे हात पसरला, चावी घेतली आणि ओदिलच्या ताटाशेजारी ठेवली.

"घे."

"आत्ता देताय," ती म्हणाली. पापांनी मान खाली घातली.

तिनं चावी उचलून एप्रनच्या खिशात टाकली. राग तसूभरही कमी झाला नव्हता. तिनं डाव घेतला आणि थिबोचं ताट रश्शानं भरलं, अगदी काठापर्यंत.

"खा," ती म्हणाली. "काठोकाठ भरायची सवय आहे ना तुला? सात पिंपं संपवायचीत."