पाण्याची पाळी कुणाच्या नावाची

बुरुलने कणकेचा गोळा परातीत असा आपटला की पाण्याच्या पाटापलीकडे माझ्या अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. तंदूर तापला होता, पण त्याहून ती जास्त तापली होती.

“गावातल्या थोरल्या बाया मेल्या का गं सगळ्या? मास्तरीण व्हायला तूच घावलीस व्हय?”

“म्या कुठं मागितलं, एजे?” तिची धाकटी जाऊ कुंदुझ खाली बघत म्हणाली. थोरल्या जावेला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची. “ओशच्या बाईनंच निवडलं. लई प्रश्न विचारतीस म्हनली.”

“मोठी म्होरं बसलेली असताना तू विचारलंसच कशापाई? तोंडाला कुलूप न्हवतं?”

कुंदुझ चहाची किटली घेऊन आत गेली. बुरुल भाकरी तंदूरच्या भिंतीवर थापटत राहिली, पण ती थापटणं नव्हतं, मारणंच होतं. तिचा जळफळाट मला चांगला कळत होता. या घरात ती आधी आली, सासूचं दुखणं तिने काढलं, आणि आता सारं गाव धाकटीला “मास्तरीण” म्हणणार!

त्याचं असं झालं. आमचा पाटकरी पोरापाशी रशियाला निघून गेला. पाणी कुणाला कधी, हे आजवर त्याच्या डोक्यात होतं. आता पाणी कचेरीने ते काम फोनमधल्या एआयवर सोपवलं. आम्ही आपापल्या बागेचं त्याला तोंडाने सांगायचं आणि सगळ्यांचं ऐकून त्याने पाळ्या लावायच्या. तरणी गडीमाणसं सगळी रशियात कामाला, म्हणून सांगायच्या बायकांनी. ओश शहरातून कचेरीची नुरिया नावाची बाई आली, दोन दिवस गावच्या क्लबात, म्हणजे सभेच्या हॉलात, शिकवत बसली आणि पुढचं शिकवायला कुंदुझला नेमून गेली.

बुरुलला मान हवा होता हे खरं, पण त्याहून पाणी हवं होतं. कड्याखालच्या दगडगोट्यांत टोपल्यांनी माती वाहून तिने जर्दाळू लावले होते. यंदा ते पहिल्यांदा लगडले. फळ अजून बोराएवढं, हिरवं होतं. वरून कोरडा वारा सुटलेला, जमीन तडकलेली. महिनाभरात पाणी मिळालं नाही तर सारं फळ गळणार होतं.

धाकटीच्या वर्गाला बुरुल गेली नाही. मात्र रोज त्याच वेळी माझ्याकडच्या गेल्या सालच्या जर्दाळूच्या बिया फोडायला क्लबाच्या खिडकीखाली जाऊन बसायची. सावली तिथंच चांगली पडते म्हणे! आतून कुंदुझचा आवाज यायचा.

“त्याला शानं समजू नगा, बायांनो. आपण सांगू तेवढंच त्याला ठावं. न्हाई सांगितलं तर आपली बाग त्याच्या लेखी न्हाईच. आन चुकलं तर गप बसायचं न्हाई. चुकलास म्हनायचं!”

“लई आली चुकलास म्हननारी,” बुरुल दगड आपटत पुटपुटायची. बी कमी आणि बोटच जास्त ठेचलं जायचं.

सांगायचा दिवस आला तेव्हा तिने फोन धाकटीच्या हातातून ओढूनच घेतला. “गावाला शिकवायचं ते शिकव. आपल्या घरचं म्या सांगनार,” म्हणाली आणि बागेत जाऊन एकटीच बोलून आली.

“एजे, समदं नीट सांगितलंस न्हवं?”

“तुझ्यापरीस नीट.”

मीही माझ्या घरी नीटच सांगितलं. बाईमाणसाने दुसरं काय करायचं?

पुढच्या शुक्रवारी क्लबात गाव जमलं. पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे पुढे आणि आम्ही मागे. नुरियाने पाळ्या वाचायला घेतल्या. खालच्या आळीचं झालं, गिरणीकडचं झालं. आमच्या आळीला तिने एकच पाळी वाचली. साऱ्या आळीला मिळून एक!

“मालकाचं नाव, घरचे थोरले,” नुरिया वाचता वाचता थांबली. “हे कोण गृहस्थ? एवढ्या बागा एकाच माणसाच्या?”

मागच्या बाकांवर सुना एकमेकींकडे बघू लागल्या. मी डोईच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. बुरुलच्या सासऱ्याचं तर मीही घेत नाही, ते माझ्या नवऱ्याचे चुलते. मालक कोण, असं फोनने विचारल्यावर आळीतल्या प्रत्येक सुनेने सांगितलं होतं, “घरचे थोरले.” त्या बिचाऱ्याने सगळ्या थोरल्यांचा मिळून एकच म्हातारा केला.

बुरुलच्या तोंडावर काय आनंद फुटला! “झाली मास्तरकी?” ती कुंदुझला कोपराने ढोसत म्हणाली. “आळी बुडवलीस.”

“एजे, फळ आपलं बी गळनार हाय,” कुंदुझ म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

बुरुलचा आनंद तिथंच विझला.

“आज कुणी हरकत घेतली नाही तर हेच पक्कं होईल,” नुरिया म्हणाली.

“त्यात काय एवढं!” बुरुलचे सासरे काठी टेकत उठले. “बायांनी सांगितलं न्हाई तर आमी सांगतो. आन इकडं.” त्यांनी फोनमध्ये आपलं नाव खणखणीत सांगितलं. फोनने अदबीने विचारलं, शेवटचं पाणी कधी दिलं? म्हाताऱ्याने मागे वळून सुनेकडे बघितलं. झाडांच्या किती ओळी? पुन्हा मागे बघितलं. कडेची पानं मलूल झालीत का? तेव्हा मात्र सगळा क्लब हसला.

कुंदुझ बोलायला उठू लागली. बुरुलने ते पाहिलं. ही उठणार, ही बोलणार, पुन्हा हिचंच नाव होणार! तिला ते सोसवेना. तिने कुंदुझच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं आणि आपण उभी राहिली.

“चुकलं हाय ते,” ती मोठ्याने म्हणाली. “त्यानं इचारलंच चुकीचं. मालक कोन म्हून कशाला इचारतो? पानी कोन फिरवतंय त्ये इचार म्हनावं. थोरल्यांचं नाव आमच्या तोंडातून यायचं न्हाई, पर माजं मला घेता येतं. बुरुल! फावडं माज्या हातात असतंय, पाळी माज्या नावावर लिवा.”

“सुनंच्या नावानं पानी?” एक म्हातारा ओरडला.

बुरुलचे सासरे अजून फोन हातात धरून उभे होते. “मग तुमी सांगा की तुमच्या ओळी किती हायत,” ते त्याला म्हणाले आणि खाली बसले.

मग आमच्या आळीच्या बायका एकेक करून उठल्या आणि आपापली नावं सांगू लागल्या. लग्नानंतर चारचौघांत मीही पहिल्यांदाच माझं नाव घेतलं, तोक्तोकान. माझं स्वतःचं म्हणून पाणी मला मिळणार होतं, त्याचं मला भारी वाटलं. नुरियाने त्या फोनचा प्रश्न बदलून घेतला आणि पाळ्या नव्याने लावल्या.

बुरुलची पाळी आठवड्याच्या आत आली. सकाळी फोन अंगणात खाटल्यावर होता. त्यातून आवाज आला, “बुरुल, तुमचं पाणी निघालं आहे.”

त्या घरात तिला कुणी मोठी म्हणायचं, कुणी पोराची आई. तिचं नाव असं मोकळ्या अंगणात मी तरी कधी ऐकलं नव्हतं. ती फावडं खांद्यावर घेऊन निघालेली, तशीच थबकली आणि माघारी आली.

“पुन्यांदा बोलाय लाव गं त्याला,” ती कुंदुझला म्हणाली.

कुंदुझने लावलं. बुरुलने ऐकलं. पाटात पाणी गढूळ फेस घेऊन खळखळत आलं तरी ती जागची हलेना.

“एजे, पानी आलं की!”

“येऊ दे. अजून एकदा लाव.”

या खेपेला कुंदुझने लावलं नाही. हात तसेच पिठाने भरलेले, ती फोनकडे बघत उभी राहिली. अख्ख्या गावाला तिने शिकवलं, आणि त्या फोनमध्ये तिचं नाव कुठंच नव्हतं.

“खालच्या ओळी माज्या नावावर कर, एजे,” ती हळूच म्हणाली.

बुरुलने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग भिंतीला टेकवलेलं दुसरं फावडं उचलून तिच्या पिठाळ हातात दिलं.

“आधी चिखलात उतर,” ती म्हणाली. “मग फोनला तुझं नाव तूच सांग.”