सुसाटची तक्रार

व्हॅनमध्ये चढलं की काकू आधी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरायच्या आणि मगच बसायच्या. आठवड्यातले तीन दिवस ही व्हॅन त्यांना डायलिसिसला न्यायची आणि परत आणून सोडायची. काकूंचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं. सुईत दोरा ओवताना अजूनही हात हलत नसे. पण व्हॅनमध्ये बसलं की त्याच हाताला कापरं भरायचं, कारण गाडी सुसाट चालवायचा.

ड्रायव्हरला हे नाव पेशंट मंडळींनीच ठेवलेलं, आणि त्याला ते आवडायचं. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून तो एका हाताने स्टिअरिंग फिरवायचा. पिवळा दिवा दिसला की वेग वाढवायचा, आणि लाल झालाच तर "गेलो, गेलो" म्हणत निघून जायचा. पुढच्या गाडीला इतका चिकटून चालवायचा की तिच्या काचेवर धुळीत बोटाने लिहिलेलंही वाचता यायचं. मग एकदम ब्रेक. मागे बसलेले चौघे पेशंट जीव मुठीत धरून खिडकीबाहेर बघत राहायचे.

"चाळीस वर्षं टपाल वाटलं, पण माझं एक पत्र कधी इतक्या लवकर पोचलं नाही," काकूंच्या शेजारी बसणारे पोस्टमन म्हणायचे. ते काकूंच्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, बायको गेल्यापासून एकटेच. काठीशिवाय पाऊल टाकता येत नसे. सुसाट त्यांना तीन मजले पाठीवर घेऊन उतरवायचा, येताना तसंच वर नेऊन ठेवायचा, पिण्याचं पाणी उशाशी ठेवायचा, आणि याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

त्या बुधवारी डायलिसिस उरकून सगळे घरी निघाले होते. सुसाट फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. पुढे थांबलेली बस त्याला दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने ब्रेकवर पाय दाबला आणि पोस्टमनचा हात दांड्यावर आपटला, नेमकी सुया टोचलेली जागा. पट्टी निघाली. डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ करायचं औषध देतात, त्यामुळे रक्त थांबायचं नाव घेईना. पोस्टमनची विजार भिजली, सीट भिजली. काकूंनी त्या जागेवर अंगठा दाबून धरला तो हॉस्पिटलात नर्सने "आता सोडा" म्हणेपर्यंत.

रक्त थांबलं. सुसाट दाराशी उभा राहून लहान मुलासारखा रडला.

"आईशप्पथ काकू, गाडी चालवताना परत फोन घेणार नाही."

शुक्रवारी फोन पुन्हा कानाला होता.

"मी तक्रार करणार," परत आल्यावर काकू पोस्टमनना म्हणाल्या.

"नका करू. हा गेला तर मला खाली कोण आणणार? आणि त्याचं तरी काय चुकतंय? जिथे चाळीस मिनिटं लागतात तिथे ऑफिस त्याला वीस देतं."

"ऑफिसने वीस दिली म्हणून आपण मरायचं?"

"तसंही मरायचंच आहे की," पोस्टमन हसले. काकूंना मात्र हसू आलं नाही.

त्यांनी त्याच दुपारी व्हॅनच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, आभार मानले आणि म्हणाल्या, "त्याला आजच काढून टाकतो."

"आणि सोमवारी आम्हाला न्यायला कोण येणार?"

"दुसरा ड्रायव्हर मिळाला की येईल. पंधरा दिवस धरून चाला."

"अहो, आम्हाला दर दोन दिवसांनी जावं लागतं," काकू म्हणाल्या. बाईंनी तेही लिहून घेतलं.

सोमवारी काकूंच्या लेकीने दुकानातून रजा घेतली आणि दोन बस बदलून आईला नेलं. पोस्टमनना तीन मजले उतरवणं दोघींच्या ताकदीबाहेरचं होतं. एक टॅक्सी बोलावली, तर तिसरा मजला ऐकूनच ड्रायव्हरने फोन ठेवला. दुसरा आला, खालून चार हॉर्न वाजवले आणि कुणी धावत येत नाही असं बघून निघून गेला. बुधवारीही तीच गत. "एखादा दिवस चुकला तर चालतं," पोस्टमन खिडकीतून ओरडून म्हणाले. दोन दिवस चुकले होते.

गुरुवारी सकाळी काकूंचा फोन वाजला. पलीकडून बोलणं आलंच नाही, नुसता घरघरणारा श्वास. काकू चपला न घालता धावल्या. पोस्टमन पलंगाच्या कडेला बसले होते, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. चेहरा सुजून ओळखू येईना आणि ओठ काळेनिळे पडले होते. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, तासभर तरी लागेल.

काकूंनी सुसाटला फोन लावला.

"तक्रार तुम्हीच केलीत ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"हो, मीच केली. अरे, पण पोस्टमनकाकांना श्वास घेता येत नाहीये. तुझ्या पाया पडते, ये."

तो म्हणाला, "त्यांना बसतं ठेवा. आलोच."

मेहुण्याची टॅक्सी घेऊन तो आला. पोस्टमनना पाठीवर घेऊन उतरला, मागे काकूंच्या शेजारी बसवलं, मोबाइल काकूंच्या हातात दिला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून निघाला. पहिल्या सिग्नलला थांबला. दुसऱ्यालाही थांबला. काकूंना वाटलं, हा आपल्याला धडा शिकवतोय. पण आरशात त्याचा चेहरा दिसला आणि त्यांना कळलं, पोरगा घाबरलाय.

तिसरा सिग्नल मोठ्या चौकातला, तिथे लाल दिवा हलता हलत नाही. पोस्टमनची मान काकूंच्या खांद्यावर कलंडली. छातीतून पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज यायला लागला.

"काकू, काय करू?" सुसाट मागे न बघता म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

"तोड."

"काय?"

"सिग्नल तोड रे! जा! जा म्हणते ना!"

त्याने हॉर्नवर हात दाबला आणि गाडी चौकात घातली. डावीकडून एक सायकल येत होती. सुसाटने गाडी वळवली, तरी दाराशी धप्प असा आवाज झाला. काकूंनी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्यावर आडवी सायकल, आणि शेजारी एक बाई बसलेली, एक हात दुसऱ्या हातात धरून.

"थांबू का?" सुसाट ओरडला.

"नको थांबूस."

हे आपण म्हणालो, हे काकूंना म्हणून झाल्यावर कळलं.

पोस्टमन वाचले. डॉक्टरांनी आल्या आल्या त्यांना मशिनला लावलं आणि दुपारपर्यंत त्यांचा श्वास ताळ्यावर आला. सुसाट बाहेरच्या बाकावर बसला होता. तोंड धुऊन आलेला, पुसायचंही भान नव्हतं.

"बारा वर्षं गाडी चालवतोय, काकू. माझ्यामुळे आजवर रस्त्यावर कुणी पडलं नव्हतं." मग उठला. "मी बघून येतो."

तो परत आला नाही. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. चौकात जाऊन त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलं होतं, आणि पोलिसांनी त्याला बसवून ठेवलं होतं. त्या सायकलवाल्या बाईलाही याच हॉस्पिटलात आणलं होतं.

शुक्रवारी लेकीने काकूंना डायलिसिसला सोडलं आणि ती दुकानात पळाली. नंबर लागायला वेळ होता. काकू हाडांच्या वॉर्डात गेल्या आणि चौकात पडलेल्या बाईबद्दल विचारलं. ती कोपऱ्यातल्या खाटेवर होती, चाळिशीची, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"मी त्या टॅक्सीत होते."

"ड्रायव्हर काल इथे येऊन गेला, पोलिसांबरोबर. घाई झाली, चूक माझी, म्हणाला. पाया पडत होता."

"माझ्याबद्दल काही बोलला?"

"नाही. का?"

"सिग्नल तोड असं मी सांगितलं त्याला. माणूस जात होता माझ्या खांद्यावर. थांबू नको, हेही मीच म्हणाले."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. "मला हिरवा होता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी बेकरीत पीठ मळते. दोन्ही हातांनी मळावं लागतं." तिने प्लास्टरकडे पाहिलं. "सोमवारपासून माझ्या जागी दुसरी येतेय. वाचला का तुमचा माणूस?"

"वाचला."

बाईने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी खालून नर्स शोधत आली. मशिन रिकामं झालं होतं.

सुया टोचून झाल्यावर त्यांनी मोकळ्या हाताने लेकीला फोन लावला.

"संध्याकाळी घरी नको नेऊस. पोलिस चौकीत जायचंय."

"कशाला? तुला बोलावलंय का त्यांनी?"

"नाही."

"मग सुसाटने तुझं नाव सांगितलं?"

"नाही सांगितलं त्याने."

"आई, मग कशाला स्वतःहून जातेस? तुलाही बसवून ठेवलं म्हणजे? सोमवारचं डायलिसिस चुकून तुला सूज चढली तर मी कुठे जाऊ?"

काकूंनी मान वळवली. शेजारच्या खाटेवर पोस्टमन झोपले होते, तोंड उघडं टाकून.

"ऐकतेस ना, आई?"

"ऐकतेय," काकू म्हणाल्या. "सहाला ये."