उलट्या पिळाची माळ

टप्प.

दुपारच्या शांत घरात मणी फरशीवर पडला, दोन उड्या मारून घरंगळत गेला आणि भांड्यांच्या कपाटाखाली गप्प झाला. कात्री हातात तशीच धरून ती आतल्या खोलीकडे कान लावून बसली. लेकीने झोपेत कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा शांत झाली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. कपाटाखाली वाकून बघायला वेळ नव्हता. लेकीची दुपारची झोप हाच तिच्या दिवसातला एकुलता एक मोकळा तुकडा, आणि तेवढ्यात तिला माळ पुरती उसवायची होती.

माळ तिला भेट आलेली. कोणाकडून, ते अजून कळलेलं नव्हतं, कारण मणीमंडळाचा तो खेळच तसा होता.

मणीमंडळ म्हणजे हाताने दागिने घडवणाऱ्या बायकांचा फोनवरचा गट. एकमेकींना समोरासमोर पाहिलेल्या फार थोड्या, पण एकमेकींचे हात सगळ्यांना पाठ. तारेचं काम करणारी ती तारवाली, मातीचे मणी भाजणारी ती मातीमावशी, आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी ती मॉनिटर. आणि कात्री घेऊन बसलेल्या हिला सगळ्या ‘सुबक’ म्हणायच्या. घरात तिला कोणी सुबक म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. केसांना दोन दिवस फणी नाही, खांद्यावर दुधाचा डाग, डाळीला फोडणी द्यायचं विसरून ती तशीच वाढलेली. पण फोन उघडला की तिथे कोणीतरी म्हणायचं, ‘सुबक, तुझी गाठ म्हणजे गाठ आहे हं.’ आणि पुढचा दिवस ढकलायला तेवढं पुरायचं.

ही गाठ तिला शिकवली मातीमावशीने. लेक तान्ही असताना, तिला मांडीवर घेऊन, तिने आयुष्यातलं पहिलं कडं ओवलं होतं आणि भीतभीतच फोटो गटात टाकला होता. दोघीतिघींनी ‘छान प्रयत्न’ म्हणून पाठ थोपटली. छान प्रयत्न म्हणजे काय ते तिलाही कळत होतं. मग मातीमावशीचा निरोप आला. ‘गाठ ओढू नकोस गं. बसव. मूल झोपवतेस तशी.’ त्या एका वाक्यावर ती सुबक झाली.

तर वर्षातून एकदा मंडळात अदलाबदल व्हायची. चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिच्यासाठी एक माळ करायची, पाकिटावर स्वतःचं नाव न घालता पाठवायची. मग ठरलेल्या दिवशी सगळ्या जणी आलेली माळ गळ्यात घालून फोनवर जमायच्या आणि ती कोणाच्या हातची ते ओळखायचं. नियम एकच. आलेली माळ घालायची. विकायची नाही, उसवायची नाही.

यंदा तिच्या वाट्याला आलेली माळ पाकिटातून बाहेर काढली आणि तिचं तोंड वाकडं झालं. एका बाजूला झुकलेली, गाठी कुठे गच्च कुठे सैल, एक मणी सुपारीएवढा तर शेजारचा वाटाण्याएवढा. ‘कोणीतरी नवशिकी दिसतेय,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘मीच सापडले हिला हात साफ करायला.’

नवरा म्हणाला, ‘मला तर बरी वाटतेय.’

‘तुला वरण आणि आमटीतला फरक कळत नाही. तू बोलू नकोस.’

लेकीला मात्र ती पाहताक्षणी आवडली. तिने ती गळ्यात घातली, ती पोटापर्यंत आली, आणि चालताना मणी डावीउजवीकडे हेलकावू लागले. तिने तिचं नाव ठेवलं ‘डुलणारी’. जेवताना डुलणारी, झोपताना उशाशी डुलणारी.

वाईट होती ती ओवणी. मणी मात्र… मणी बघत राहावेत असे होते. कबुतराच्या मानेवर ऊन पडलं की जो रंग हलतो ना, राखाडीतून निळा, निळ्यातून हिरवट, तो रंग भाजलेल्या मातीत उतरला होता. मातीचे मणी हल्ली मंडळात निम्म्या जणी भाजायच्या, पण असा रंग कोणाला साधला नव्हता. आणि नेमक्या त्याच रंगाची कर्णफुलं दाताच्या डॉक्टरीणबाई तिच्याकडे कधीच्या मागत होत्या. तिने तीनचार वेळा भाजून पाहिलं, प्रत्येक वेळी राखेचा रंग निघाला.

म्हणून ती कात्री. दोनच मणी घ्यायचे, बाकीची माळ नीट ओवून ठेवायची, असं ती स्वतःला सांगत होती. उलट पहिल्यापेक्षा बरीच होईल की. कोणाला कळणार आहे?

लेक उठली तेव्हा पहिला प्रश्न हाच होता. ‘डुलणारी कुठाय?’

‘तुटली गं राणी.’

‘आपोआप?’

‘आपोआप.’

लेकीने टेबलावरचे सुटे मणी पाहिले, कात्री पाहिली, आणि काही बोलली नाही. मुलं गप्प बसली की आयांनी सावध व्हावं, पण तिला त्या दिवशी कर्णफुलांची घाई होती.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. तीही खूश झाली. मग मॉनिटरचा गटात हुकूम आला, ‘येत्या रविवारी दुपारी सगळ्यांनी माळ घालून हजर. सबबी चालणार नाहीत.’

तिने ओवायला घेतली. दोन मणी डॉक्टरीणबाईंच्या कानात, एक कपाटाखाली. झाडूच्या दांड्याने तिने कपाटाखालचं सगळं बाहेर काढलं. एक चमचा, वाळका वाटाणा, हरवलेलं टोपण, सगळं मिळालं. मणी नाही. शेवटी स्वतःच्याच मातीचे तीन वळले, भाजले, वरून रंग चोपडला. लांबून चालले असते.

खरी पंचाईत पुढेच होती. माळ होती तशी वेडीवाकडी ओवायची होती, आणि ती जमेना. सैल गाठ मारायला जावं तर बोटं आपसूक ती बसवून टाकायची. मोठ्या मण्याशेजारी लहान ठेवावा तर हात परस्पर क्रम लावायचा. उसवली, ओवली, पुन्हा उसवली.

नवरा दारात उभा राहून बघत होता. ‘मुद्दाम वाईट करायला शिकायचं असेल तर माझ्याकडे शिकवणी लाव.’

‘तू जा इथून.’

‘सांगून टाक ना काहीतरी. म्हण, पोरीने तोडली.’

तिने त्याच्याकडे पाहिलं. हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती हलकं आहे ते तिला कळलं. ‘पोरीवर नाही घालणार,’ ती म्हणाली. तेवढंच काय ते तिने त्या आठवड्यात धड केलं.

रविवारी ती खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे उजेड मागून येईल आणि रंगातला फरक झाकला जाईल. लेक पायाशी जमिनीवर बसून बटणांचा डबा उपसत होती. फोनवर एकेक चौकोन उघडत गेला. तारवालीचं स्वयंपाकघर, मॉनिटरच्या घरातला पडदा, कोणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. मातीमावशी सगळ्यांत उशिरा आली. गेले कित्येक दिवस ती गटात फारशी बोलत नव्हती. ‘जरा हात भरून आलाय,’ एवढंच एकदा लिहिलं होतं, आणि त्याखाली सगळ्यांनी लाल बदामांची रांग लावली होती. त्यात हिचाही एक बदाम होता. त्यापुढे विचारायचं राहून गेलं होतं.

हिची पाळी आली.

‘बघू बघू,’ तारवाली म्हणाली. ‘अगं, हा काय रंग! कोणाची गं ही?’

‘आधी सुबकला बोलू दे,’ मॉनिटर म्हणाली. ‘बोल. आवडली का?’

‘फार आवडली,’ ती म्हणाली. तिथेच थांबायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं; एका खोट्याला टेकू द्यायला तिने दुसरं उभं केलं. ‘आल्यापासून गळ्यातून काढलीच नाही. अगदी खरं सांगते.’

पायाशी बटणांचा आवाज थांबला.

‘ओळख मग, कोणाची?’

‘कोणीतरी नवीन आहे,’ ती हसून म्हणाली. ‘हात अजून बसायचाय, पण नजर आहे.’

मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनातून मातीमावशी म्हणाली, ‘माझी गं.’

‘मावशी? तुमची?’ तारवालीच्या तोंडून निघून गेलं. ‘अशी?’

‘अशीच आता. उजवा हात सुट्टीवर गेलाय. डॉक्टर म्हणतात, येईल परत, पण कधी ते तोही सांगून गेला नाही. म्हणून डाव्याला कामाला लावला. साठीनंतर पुन्हा बालवाडी.’ ती हसली. तिच्या हसण्यात एक गाल मागे राहत होता, आणि ते इतका वेळ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग ती म्हणाली, ‘सुबक, जरा जवळ आण ना. बघू दे, प्रवासात कशी राहिली.’

नाही कसं म्हणणार? तिने माळ गळ्यातून काढून फोनजवळ धरली. मातीमावशीने चष्मा सारखा केला आणि मणी न् मणी पाहिला. पाहता पाहता तिची मान एकदा थांबली, पुन्हा पुढे सरकली, पुन्हा थांबली. हिच्या कानांत नुसती धग होती.

‘छान राहिलीये,’ मावशी म्हणाली. ‘चला, पुढची कोण?’

पुढे कोणी काय घातलं होतं, कोण काय बोललं, तिला काही कळलं नाही. ती हसायच्या वेळी हसली. सगळ्यांनी हात हलवले तेव्हा तिनेही हात हलवला.

थोड्या वेळाने तिच्या एकटीच्या नावावर मावशीचा बोलका निरोप आला. स्वयंपाकघराचं दार लोटून तिने तो ऐकला.

‘तिथे सगळ्यांसमोर नाही बोलले. डाव्या हाताने मारलेल्या गाठीचा पीळ उलटा पडतो गं. मलाही आधी माहीत नव्हतं, करतानाच कळलं. आणि मला त्या उलट्या पिळाचं कौतुक वाटायला लागलं होतं, मूर्खासारखं. आता तू दाखवलीस तिच्यातला पीळ सुलटा आहे. म्हणजे पुन्हा ओवलीस. तीन मणीही माझे नाहीत. असू देत. मणी कोणाच्या कानात-गळ्यात गेले तर मातीला काय वाईट वाटायचंय. मी रागावले नाही. फक्त… चिठ्ठीत तुझं नाव निघालं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, बाकीच्या सगळ्या गोड बोलतील. आपली सुबक तेवढी खरं सांगेल, ह्या हाताने पुढे काही होईल की नाही. तेवढंच विचारायचं होतं मला. बरं, ठेवते. पोरीला पापा दे.’

तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. ओट्याजवळची फरशी जागची हलली नाही. तिथे कालचा पिठाचा ठिपका होता, तो ती अंगठ्याने घासत राहिली. मावशी रागावली असती तर तिने पाय धरले असते. चारचौघींत बोलली असती तर तिने गट सोडून दिला असता, चार दिवस रडली असती. पण म्हातारीने तिला झाकलं होतं. एका हाताने ग्लास उचलायला जमत नाही म्हणून जो शेजारचा हात नव्याने शिकवला, त्या हाताने केलेल्या गाठी हिने दुपारच्या एका झोपेत कातरल्या होत्या, आणि वर ‘हात अजून बसायचाय’ म्हणून शेरा मारला होता.

तिने लिहायला घेतलं. ‘मावशी, मला माफ’… खोडलं. ‘मावशी, माळ खरंच सुंदर होती’… आता ‘खरंच’ हा शब्द लिहायला बोट धजेना. जिला खरं हवं होतं तिला आता हिने काय सांगितलं तर ते खरं वाटेल? ओवणी वाईट होती. रंग असा होता की तिला तो आयुष्यात जमला नाही. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही वेळेवर सांगण्यासारखं होतं. ‘मावशी, गाठी सैल आहेत, पण हा रंग डाव्या हाताने आणलात, तेव्हा पुढे सगळं होईल.’ इतकं सोपं वाक्य. दहा दिवसांपूर्वी ते मावशीला मोलाचं वाटलं असतं. आज ते सारवासारव झालं असतं.

दार ढकलून लेक आत आली. दोन्ही हात पाठीमागे.

‘डोळे मीट.’

तिने मिटले. गळ्याला जाड, खरखरीत दोरा लागला. लेकीची बोटं मानेमागे बराच वेळ खटपट करत राहिली, केस ओढले गेले, मग एक गच्च गाठ बसली. बसली कसली, ओढलीच.

‘उघड.’

शर्टाची बटणं, एक तुटका चाप, आणि मधोमध कबुतराच्या मानेच्या रंगाचा मातीचा मणी.

‘हा कुठे मिळाला तुला?’

‘माझ्याकडेच होता. कपाटाखालून काढला. तुटली म्हणालीस ना तू, म्हणून एक जपून ठेवला.’ लेकीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ‘ही डुलणारीची पोर आहे. आवडली?’

‘आवडली,’ ती म्हणाली, आणि लगेच पुन्हा म्हणाली, ‘फार आवडली गं.’

लेक हसली नाही. तिने गळ्यातला मणी बोटाने एकदा डुलवून पाहिला, मग तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

‘त्या मावशीला सांगितलंस तशी आवडली,’ तिने विचारलं, ‘का खरी आवडली?’