आप्पांच्या गोष्टीतली खरखर

कॅसेटच्या कडेवरची चिकटपट्टी दिसली आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी लावलं?"

धाकट्या भावानं अजून चपलाही काढल्या नव्हत्या. तोंडभर हसू. "आधी ऐक तर खरं!"

ऐकायचंय काय, कपाळ! ताईच्या घरात भिंतभर कॅसेटी. प्लेअर सगळे म्हातारे, पण एकाचा रबरी पट्टा सैल सापडायचा नाही, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेलं. आणि जपायच्या प्रत्येक कॅसेटच्या कडेचा तो प्लास्टिकचा इवलासा तुकडा तिनं स्वतः मोडलेला. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. भोकावर चिकटपट्टी लावली, की मात्र खुशाल भरा. या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि कॅसेट कुठली, तर आप्पांची! नातवंडांसाठी त्यांनी लोभी अस्वलाची गोष्ट सांगून ठेवली होती. आता आप्पा नाहीत, आईही नाही. धाकट्याला ती लेकीसाठी मोबाइलवर हवी होती, म्हणून ताईनं दिली. देताना दहादा बजावलं होतं.

"किती खरखर होती गं! साफ करून घेतली," धाकटा म्हणाला. "तू मेलीस तरी मोबाइलवर ऐकायची नाहीस. म्हणून त्या स्टुडिओवाल्याला म्हटलं, साफ केलेलं ह्याच कॅसेटवर परत भरून दे. ताई खूश होईल."

ताईनं कॅसेट प्लेअरमध्ये घातली. आप्पा बोलू लागले. आवाज खणखणीत, जणू समोरच बसलेत. धाकटा कौतुकानं तिच्या तोंडाकडे बघत होता.

अस्वल झाडावर चढलं आणि आप्पा थांबले. काहीच ऐकू येईना. मग ते म्हणाले, "आलो गं आलो! जीव घेशील माझा."

"कुणाला म्हणतायत?" धाकट्यानं विचारलं.

ताईनं प्लेअर बंद केला. "आईला. कुणाला म्हणतील?"

आई माइकसमोर कधी उभी राहिली नाही. माझा आवाज म्हणजे फुटकं भांडं, म्हणायची. अख्ख्या भिंतीत ती फक्त या एका कॅसेटवर होती. आतल्या खोलीतून आप्पांवर ओरडणारी, त्या खरखरीत.

ताईनं स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"हां, मागून कुणी बाई ओरडत होत्या," तो खुशीत म्हणाला. "मुळापासून काढलंय बघा. पत्ता लागायचा नाही."

"आधीचं, साफ न केलेलं?"

"ते काम झालं की उडवतो हो. जागा किती खातं!"

ताईनं फोन आपटला. "बाई म्हणतो! माझ्या आईला कुणी बाई म्हणतो! आणि तू रे गाढवा? देण्याआधी ऐकली होतीस ना? स्वतःच्या आईचा आवाज कळला नाही तुला?"

"मी… गोष्ट ऐकत होतो गं."

"हेच! जन्मभर तू गोष्टच ऐकलीस! आणि ती आत ओरडून ओरडून मेली!"

"मला वाटलं, तुला आनंद होईल."

"आग लाव तुझ्या आनंदाला!"

धाकटा मटकन खाली बसला. चपलेच्या पट्ट्याशी चाळा करू लागला. मग खालमानेनं म्हणाला, "काय म्हणायची गं ती तिथे?"

ताईनं कॅसेट मागे फिरवली, लावली. अस्वल झाडावर चढलं. आप्पा थांबले. ताईनं कमरेवर हात ठेवले आणि सगळा संताप घशात आणून ती कडाडली,

"अहो, पाणी निवतंय! येताय की बादली आणून ओतू डोक्यावर?"

"आलो गं आलो!" आप्पा लगेच म्हणाले. "जीव घेशील माझा."

धाकटा खुदकन हसला आणि हसता हसताच ढसाढसा रडू लागला. डोळे पुसत त्यानं प्लेअरकडे हात नेला. "परत एकदा, ताई. परत म्हण ना."

"हात लावायचा नाही!" ताई ओरडली. मग तिनं स्वतःच कॅसेट मागे फिरवली.