साखर खाल्लेले जिवाणू

ताईच्या बाळंतपणाहून तीन आठवड्यांनी परतले, तर माझे जिवाणू चौपट झाले होते. मी खूश. मग त्यांना मोजून तणनाशक घातलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी तपासलं. मी नसताना रोज हेच घालायला सांगून गेले होते, पण त्याचा एक कणही कमी झाला नव्हता.

पुन्हा तपासलं. तेच.

हे जिवाणू एका बंद कारखान्यामागच्या मातीतले. सत्तर वर्षांपूर्वी जगात नसलेलं ते रसायन तिथं इतकी वर्षं गळलं, की यांनी दुसऱ्याच कामाचं जुनं विकर, म्हणजे एन्झाइम, थोडं थोडं बदलत ते पचवायला सुरुवात केली. शुक्रवारी निधी देणाऱ्या समितीला तेच दाखवायचं होतं. नाहीतर काम बंद. याच जिवाणूंच्या गोठवलेल्या राखीव नळ्या तर फ्रीजर बिघडला तेव्हाच गेल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली तोच आकार, तीच चाल. मग बिघडलं काय?

"काका, यांना रोज काय घातलंत?" प्रयोगशाळेतली भांडी आणि माझ्या सुट्ट्या, दोन्ही काकाच सांभाळतात.

"दोन दिवस तुझं ते औषध. मग या मोठ्या बरणीत थोडे ओतले आणि चमचा-चमचा साखर घातली. किती दिवस विष पाजायचं गं बिचाऱ्यांना? बघ, कसं बाळसं धरलंय!"

विष पचवणारी जनुकं डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतात. कडं म्हणजे ओझं. साखर मिळाल्यावर ज्यांचं कडं गळालं, ते हलके होऊन भराभर वाढले. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी बरणीकडे बघताना कळेना, हे माझेच की परके?

"आणि जुनी बरणी?"

"धुवायची राहिलीय. ओरडू नकोस."

ओरडले नाही. कडं न गमावलेले काही उरले असतील म्हणून तिच्या काठावरची तपकिरी खपली खरवडली आणि नुसत्या तणनाशकाच्या पाण्यात टाकली.

पाण्यात उरलेलं तणनाशक बुधवारी शंभर टक्के. गुरुवारी शंभर. शुक्रवारी सकाळी सत्त्याण्णव.

तीनचा फरक तर आमचं यंत्र काही न बदलताही दाखवतं.

"जेवले का?" काकांनी दारातून विचारलं.

"जेवले असतील. नसतीलही."

"असं कसं? शिकलीस ना एवढं?"

मी कागदावर सत्त्याण्णव लिहिलं. पुढे 'तीन कमी-जास्त' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"समितीला काय सांगू, काका?"

"आहे तेच सांग." ते जरा घुटमळले. "साखर कुणी घातली, ते तेवढं सांगू नकोस."