ओल्या चादरींचे चार दिवस

ड्रायर फिरत होता. तेच तर जास्त चीड आणणारं होतं. बंद पडला असता तर बंद पडला म्हणून सोडून तरी दिला असता. पण हा बटण दाबलं की दिवा लावायचा, गरगर फिरायचा, चाळीस मिनिटांनी शहाण्यासारखी शिट्टी वाजवायचा, आणि दार उघडलं की चादर जशी टाकली तशी ओली. वर थंडगार.

शनिवारी सकाळपासून मी तिसऱ्यांदा तो लावला होता आणि तिसऱ्यांदा उघडला होता. घरात दोन दोऱ्या, चार खुर्च्या आणि एका दारावर मिळून सात चादरी लटकत होत्या, आणि सातही ओल्या होत्या. ऑगस्टचा पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. सगळ्या घराला ओलसर, आंबूस वास सुटला होता. संध्याकाळी सहापर्यंत जुबेरभाई येणार होता.

माझा हा मोठा भाऊ कतारमध्ये, दोह्याला असतो. या वेळी तो सुट्टीवर येत नव्हता, अब्बांना न्यायला येत होता. पनवेलला आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा आहे, तिथे त्याने खाट बघून ठेवली होती. "अफू, तुझ्याच्याने होत नाही, हे मान्य कर," असं तो बुधवारी फोनवर मला म्हणाला, आणि मी फोन आपटला. आपटून काय उपयोग, फोन माझाच होता.

अब्बांचं नाव अब्दुर्रहमान. एके काळी भिवंडीत त्यांचे कापड विणायचे चोवीस लूम होते. आता एकही नाही, सगळे भंगारात गेले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. लघवीचं कळत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच चादरी बदलाव्या लागतात. त्यात अब्बा पडल्या पडल्या, इशाऱ्याने का होईना, पाचही वेळची नमाज पढतात. चादर पाक नसली तर ते नजर वळवतात आणि हात उचलत नाहीत. डॉक्टरांनी पाठीच्या खाली बोट ठेवून दाखवलं होतं: इथे कातडी लाल झाली आहे, ओल राहिली तर जखम होईल, मग मला बोलावू नका. म्हणून तर जूनमध्ये मी वळ गावच्या एका गोदामातून हा ड्रायर उचलला होता. कुणीतरी परत पाठवलेला, कोपऱ्याला ठोका पडलेला, गॅरंटी नाही. पण दोन महिने त्याने इमानाने चादरी वाळवल्या. गरम चादर पाठीखाली गेली की अब्बा डोळे मिटून घ्यायचे. तेवढं सुख त्यांच्या वाट्याला उरलं होतं आणि ते मला पुरत होतं.

मग बुधवारी हा थंड पडला.

आणि बुधवारीच मी तानीला हाकलली. हाकलली असं मी कुणाला सांगत नाही, 'ती येत नाहीये' असं सांगते. तानी वडपे गावाच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची. सकाळी सातला यायची, मी शाळेत शिकवून दोनला घरी येईपर्यंत अब्बांचं सगळं करायची. अंगाने काटकुळी, पण अब्बांना एका हाताने कुशीवर वळवायची. वळवताना त्यांच्याशी आपल्या बोलीत शेताच्या, कोंबड्यांच्या गोष्टी करायची. अब्बांना त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण ऐकत राहायचे.

भांडण झालं ते ड्रायरवरूनच. बुधवारी दुपारी घरी आले तर तानी ड्रायरच्या मागे हात घालून काहीतरी करत होती. तिसऱ्यांदा. त्याआधी दोनदा मी तिला रागावले होते. चादरी काढल्या तर थंड. मग काय, माझा तोल गेला.

"तुला सांगितलं होतं ना, मशीनच्या मागे हात लावायचा नाही! लावलास ना? बिघडवलंस ना?"

"ताय, मी काय न्हाय केलं. त्याला दम लागतो, म्हणून..."

"मशीनला दम लागतो? तू काय इंजिनियर आहेस?"

तिने हातातली चादर घडी करून ठेवली, अब्बांच्या उशाजवळचा पाण्याचा पेला भरला आणि गेली. त्याच रात्री जुबेरभाईचा फोन आला आणि मी त्याला सांगितलं की बाईने मशीन बिघडवलं. तो म्हणाला, मशीन धड नाही, बाई धड नाही, तू दिवसभर शाळेत, मग अब्बांना ठेवायचं कशाच्या भरवशावर? पनवेलचं त्याच रात्री ठरलं.

गुरुवार-शुक्रवार मी रजा टाकली. अब्बा दिवसातून दहादा दाराकडे बघायचे आणि विचारायचे, "तानी?"

"येईल," मी म्हणायचे.

शनिवारी त्यांनी विचारणंही सोडलं.

तर शनिवार. सकाळपासून मी एका जागी बसले नव्हते. ड्रायरची पिन काढून दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली, स्टॅबिलायझर काढून बघितला, दाराजवळची कचऱ्याची जाळी काढून ब्रशने घासली. माहितीपुस्तक चिनीत होतं, त्यातली चित्रं उलटसुलट करून बघितली. बटण चुकून थंड हवेवर तर नाही ना, म्हणून प्रत्येक खूण लावून बघितली. सगळ्या खुणांवर तीच थंडी. मग एक चादर इस्त्रीने वाळवायला घेतली. वाफ तेवढी निघाली, चादर दमट ती दमटच. अब्बांच्या खोलीत जायचं, पाठ बघायची, बाहेर यायचं, घड्याळ बघायचं, ड्रायरच्या पोटात हात घालायचा, परत आत जायचं. पाठीवरचा लाल डाग आता रुपयाएवढा झाला होता. मला रडायला यायला हवं होतं, पण संतापच येत होता. ड्रायरवर, पावसावर, दोह्यात बसून खाटा बुक करणाऱ्यावर. आणि तानीवर, कारण माझ्या मते या सगळ्याचं मूळ तीच होती.

शेवटी शेलार गावच्या दिनेशदादांना फोन लावला. दिनेशदादा अब्बांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. लूम गेल्यावर घरोघरी वॉशिंग मशीन दुरुस्त करायला लागले. मी आधी त्यांना का बोलावलं नाही? कारण अब्बांची अवस्था त्यांनी बघावी असं मला वाटत नव्हतं. एके काळी ते शेठ, शेठ करत अब्बांच्या मागे फिरायचे.

दोनच्या सुमाराला ते आले. आधी अब्बांच्या खोलीत गेले, पलंगाशी वाकून म्हणाले, "शेठ, दिनेश आलाय." अब्बांनी उजवा हात वर केला. मग दिनेशदादांनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि मोरीशेजारच्या बोळात ड्रायरपाशी आले.

"फिरतो, पण तापत नाही," मी म्हटलं. "एका बाईने मागे हात घातला, तेव्हापासून."

त्यांनी ड्रायर धरून भिंतीपासून पुढे ओढला. मागे बघितलं.

ड्रायरच्या मागच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे, पांढरं मलमलीचं फडकं बांधलेलं होतं. तिहेरी, चारी कोपऱ्यांना सुतळीने घट्ट आवळलेलं. आमच्या शेजारी अजून लूम चालतात, त्यांचा कापसाचा कचरा हवेत उडतो आणि घरात सगळीकडे बसतो. लहानपणापासून आमच्या घरी उघडं काही ठेवत नाहीत. कारखान्यात रेडिओवर फडकं, स्टार्टरच्या पेटीवर फडकं, माठावर फडकं, माझ्या दप्तरावरसुद्धा फडकं. अब्बा म्हणायचे, यंत्राला जपायचं तर त्याला झाकून ठेवायचं. हे मलमल त्यांच्या शेवटच्या लूमवरचं होतं, मी जपून ठेवलेलं.

दिनेशदादांनी फडकं सोडलं. आतून ते पिवळसर करपलं होतं, आणि त्याच्या मागे चादरींच्या कचऱ्याचा बोटभर जाड थर साचला होता. त्यांनी तो हाताने ओरबाडून काढला, मागचं झाकण उघडलं, मीटरच्या दोन तारा आत टेकवल्या. मीटर वाजलं.

"तापवायची कॉइल चांगली आहे," ते म्हणाले. तारा दुसरीकडे टेकवल्या. मीटर गप्प. "हा कटआउट गेलाय. आत फार तापलं की हा स्वतः जळतो आणि गरम करणं बंद करतो. नाहीतर आगच लागायची. बरं झालं गेला."

"पण का तापलं फार?"

"हवेला बाहेर जायला वाटच नाही, मग तापणारच ना! ताई, लूमचा कचरा बाहेरून आत येतो, म्हणून आपण झाकायचो. इथे कचरा आतून बाहेर जायचाय. झाकलं की कोंडला." ते हसले. "आपल्याच माणसाचं काम आहे हे. अशी गाठ कारखान्यातच शिकवायचे. कोणी बांधलं?"

खोटं सांगत नाही, तानीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. 'ता' म्हणायला जीभ दातांना लागली होती. बोळाच्या टोकाशी अब्बांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते इकडेच बघत होते. मला एकदम आठवलं, तानी मागे हात घालायची ते कशासाठी. दोनदा तिने फडकं सोडलं होतं आणि दोनदा मी ते परत बांधलं होतं. दुसऱ्या वेळी दुहेरीचं तिहेरी केलं होतं. त्याला दम लागतो, ती म्हणाली होती. दिनेशदादांनी मीटर लावून जे शोधलं, ते तिला पाठीमागच्या हवेला हात लावून कळलं होतं.

"मी बांधलं," मी म्हटलं.

दादांच्या पिशवीत तसा कटआउट होता. अर्ध्या तासात बसवला. ड्रायर लावला, दहा मिनिटांनी दार उघडलं, तर आतून ऊब तोंडावर आली. एरवी मी नाचले असते. त्या दिवशी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि मला माझी इतकी लाज वाटली की दादांकडे वर बघवेना.

"दादा, तासभर अब्बांजवळ बसाल?"

"दोन तास बसतो. तू जा."

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. मी रिक्षा पकडली. वडप्याच्या रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती, रिक्षा हातभर सरके आणि थांबे. मी दर मिनिटाला मोबाइलवर वेळ बघत होते. पाड्यावर पोचले तर तानीच्या शेजारणीने सांगितलं की ती कालपासून हायवेवरच्या गोदामात कामाला लागली आहे. तशीच मागे फिरले. गोदामाच्या फाटकावर वॉचमनची दहा मिनिटं मनधरणी केली, तेव्हा कुठे तानी बाहेर आली. गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं ओळखपत्र, हातात खोक्यांना लावायच्या चिकटपट्टीचं रीळ.

"बाबा बरं हायत ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

"तानी, ड्रायर त्या फडक्यामुळे बिघडला. ते मीच बांधलं होतं. तू बरोबर होतीस. मी तुझ्यावर आळ घेतला, भावालाही तसंच सांगितलं. चूक माझी आहे."

तिने रीळ या हातातून त्या हातात घेतलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मी बोलली होती तुमाला," ती म्हणाली.

"बोलली होतीस. मी ऐकलं नाही. येशील का परत? अब्बा तुझी वाट बघतायत. भाऊ त्यांना पनवेलला न्यायला येतोय."

"आता ड्युटी हाय. सातला सुटंल." एवढं म्हणून ती आत गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

सहाला जुबेरभाई आला. तोवर मी घरी पोचून अब्बांखाली गरम चादर घातली होती. त्याने बूट काढायच्या आधी चादरीखाली हात घालून बघितला. "कोरडी आहे," तो म्हणाला, जरा नाराजीनेच. मग अब्बांच्या पाठीवरचा डाग बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "मशीन आज सुरू झालं, उद्या पुन्हा बिघडेल. ती बाई तर निघूनच गेली."

"बाईने बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं, आणि नाव तिचं घेतलं."

"तू?"

"मी. फडकं बांधून. आणि तिला मीच घालवलं."

मी भांडेन अशी तयारी करून तो दोह्याहून आला होता, या उत्तराची तयारी त्याच्याकडे नव्हती. साडेसात वाजले. पावणेआठ. मी चार वेळा खिडकीशी जाऊन आले. जुबेरभाईने पनवेलचा नंबर मोबाइलवर काढून ठेवला होता.

आठला दाराची कडी वाजली. तानी भिजून आली होती, ओळखपत्र तसंच गळ्यात. तिने माझ्याकडे बघितलं नाही, जुबेरभाईकडेही नाही. सरळ बोळात गेली, ड्रायरच्या मागे वाकून बघितलं, जाळीला हात लावला. मग पदराने हात-तोंड पुसून अब्बांच्या खोलीत शिरली. "बाबा, वळा बघू," म्हणत तिने त्यांना कुशीवर घेतलं, पाठ उघडी केली आणि जिभेने च्च-च्च केलं.

"आली," अब्बा जुबेरभाईला म्हणाले. स्पष्ट म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा पहिला शब्द.

जुबेरभाईने मोबाइल हातात घेतला. मग बाहेरच्या खोलीत गेला, फोन लावला, आणि मी कान देऊन ऐकलं. "ती खाट ठेवू नका आमच्यासाठी," तो सांगत होता. "हो, नक्की."

मी बोळात तानीला गाठलं. ती ओली चादर ड्रायरमध्ये टाकत होती.

"उद्यापासून येशील ना?"

"येईन," ती म्हणाली. दार लावलं, बटण दाबलं आणि मागची जाळी मला बोटाने दाखवली. "पण मशीनच्या मागं हात लावायचा न्हाय तुमी."

"बरं," मी म्हटलं.