दिवेलागणीचं लग्न

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा टाचणीबाईंना मनापासून आनंद झाला, आणि ते संध्याकाळी सात वाजता करायचं ठरलं तेव्हा तो आनंद पार उतरला. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच टेबलाशी, पंधरा मिनिटांच्या अंतरानं घडल्या.

टाचणीबाई म्हणजे गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, आणि तशाच त्या गिऱ्हाईकाशी घडाघडा बोलत, म्हणून हे नाव पडलं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात त्या, पोस्टात खिडकीवर बसणारी लेक आणि धाकटा भाऊ. या भावाला सगळी गल्लीच मामा म्हणायची. मामा बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी दारात चार माणसं एकदम उभी दिसली की त्याच्या तोंडून "पुढे सरका, पुढे सरका" निघायचंच.

होणारा जावई बेकरीत कामाला होता. पहाटे तीनला भट्टी पेटवायची, दुपारी बाराला घरी यायचं आणि चारपर्यंत झोपायचं, हा त्याचा दिवस. सकाळी लग्न ठेवलं तर माझा पोरगा उभ्याउभ्या डुलक्या घेईल, असं विहीणबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. लेकीलाही संध्याकाळच हवी होती. सभागृहामागचं मोकळं आवार, टेबलाटेबलावर छोटे दिवे, डोळ्यांत जाणारे मोठे दिवे अजिबात नकोत, असं सगळं तिनं मनाशी मांडून ठेवलं होतं. ते सांगताना ती इतकी खुलली होती, की तिथल्या तिथे नको म्हणायला टाचणीबाईंची जीभ रेटेना.

खरी गोष्ट अशी होती, की चार वर्षांपासून दिवेलागण झाली की त्यांना दिसेनासं व्हायचं. दिवसा सुईच्या नाकात एका फटक्यात दोरा जायचा. स्वयंपाकघरातल्या ट्यूबच्या उजेडातही काम भागायचं. पण बाहेर सांज उतरली की रस्ता, माणसं, पायऱ्या सगळं एकाच काळ्या कापडात गुंडाळल्यासारखं व्हायचं. त्यांच्या वडिलांचंही असंच होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की हे रक्तातून पुढे जाऊ शकतं, जाईलच असं नाही. ते "जाईलच असं नाही" टाचणीबाईंनी घट्ट धरून ठेवलं आणि उरलेलं कुणाला सांगितलं नाही. गल्लीला कळलं असतं तर शिवायला कापड कोण देणार? आणि लेकीचं जमायच्या वेळी कळलं तर? झाकली मूठ झाकलेलीच बरी. पाचच्या ठोक्याला त्या मशीन बंद करायच्या. हात भरून येतात, असं सांगायच्या. संध्याकाळी कुठे जायची वेळ आली की डोकं दुखायचं. ज्या घरात राहतो तिथलं कपाट न् खुर्ची पायांना पाठच असतात, त्यामुळे लेकीला आणि मामाला कधी संशय आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग त्या कारणं शोधायला लागल्या. संध्याकाळी गारठा असतो, म्हाताऱ्या माणसांना सोसायचा नाही. यावर लेक म्हणाली, शाली ठेवू. शेवटची बस चुकली तर लोक घरी कसे जाणार? हे मात्र त्यांनी भलत्याच माणसासमोर काढलं. मामानं त्या रस्त्यावरच्या सगळ्या बसच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवल्या, थांब्यांसकट. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, संध्याकाळी तर संध्याकाळी, पण मग चार मोठे दिवे तरी लावू या आवारात.

"ताई, लग्न आहे की फुटबॉलचा सामना?" मामानं विचारलं.

लेक हसली नाही. ती आईकडे बघत राहिली. दोन दिवसांनी ती मामाला हळूच म्हणाली, की आईला मुलगा पसंत नाही वाटतं, बेकरीतला आहे म्हणून. तोंडानं बोलत नाही, पण प्रत्येक गोष्टीत खोडा घालते. पुढच्या खोलीत टाचणीबाई अस्तर कापत होत्या. त्यांनी ते ऐकलं. कात्री थांबली आणि पुन्हा चालू लागली. मुलगा त्यांना इतका आवडला होता, की त्याच्यासाठी अंगरखा शिवताना त्यांनी दोनदा शिवण उसवून नव्यानं घातली होती. पण हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

त्यांनी दुसरी वाट काढली. एका दुपारी त्या एकट्याच सभागृहावर गेल्या. तिथल्या राखणदाराला म्हणाल्या, जागा बघायची आहे, लग्न आमचंच आहे. तो जेवत होता, त्यानं मानेनंच होकार दिला. त्यांनी फाटकापासून पावलं मोजली. चौदा पावलं, मग तीन पायऱ्या, मधलीला कोपरा तुटलेला. पुढे आठ पावलं, डावीकडे वळून आवार. तिथून लग्न लागायचं तो चौथरा एकवीस पावलं. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून चालल्या, मग मिटून. तीनदा गेल्या, तीनदा आल्या. चौथ्यांदा कुठेही न अडखळता चौथऱ्याला हात लागला तेव्हा त्यांना शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. राखणदार डबा धुता धुता बघत होता.

पुढच्याच आठवड्यात लेकीनं ठरवलं, की दिवे लागल्यावर आवार कसं दिसतं ते सगळ्यांनी संध्याकाळी जाऊन बघायचं. टाचणीबाईंचं डोकं दुखायला लागलं. पण त्यांना न्यायला विहीणबाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. विहीण दारात आल्यावर डोकं दुखून चालत नाही.

फाटकापर्यंत त्या विहीणबाईंच्या हातात हात घालून गेल्या, माया दाखवल्यासारख्या. मग हात सोडवून घेतला आणि मोजत निघाल्या. चौदा झाली. तीन पायऱ्या झाल्या, तुटका कोपराही चुकवला. आठ पावलं, डावीकडे वळण. मागून लेकीचा आणि जावयाचा आवाज येत होता. टेबलावरचे दिवे त्यांना दूरच्या ठिपक्यांसारखे दिसत होते, पण त्यांचा उजेड जमिनीवर कुठे पडतच नव्हता. त्या झपाझप चालत राहिल्या, जणू सगळं लख्ख दिसतंय. बारा, तेरा, चौदा.

त्या दिवशी दुपारी दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आल्या होत्या आणि राखणदारानं त्यांचा ढीग वाटेतच रचला होता. टाचणीबाई सरळ त्याच्यावर जाऊन आदळल्या. खुर्च्या धडाधड कोसळल्या, त्यांच्यासोबत त्याही. सगळे धावले. जावयानं त्यांना उठवून बसवलं. मनगटाला खरचटलं होतं, बाकी हाडं शाबूत होती. लेक रागानं आणि काळजीनं एकदमच बोलायला लागली, की इतकी कसली घाई, समोर डोंगराएवढ्या खुर्च्या आहेत.

"माझी पर्स," टाचणीबाई म्हणाल्या.

पर्स त्यांच्या गुडघ्याला लागून पडली होती. त्यांचा हात फरशीवर चाचपडत फिरला, पर्सच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला, परत आला. लेकीचं बोलणं मध्येच तुटलं. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग खाली बसून तिनं पर्स उचलली आणि आईच्या हातात दिली. विहीणबाईंनीही पाहिलं होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली लेकीनं मनगटाला मलम लावलं.

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

टाचणीबाईंनी मग सगळं सांगितलं, वडिलांचं, डॉक्टरांचं, रक्तातून जाण्याचं. खालमानेनं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, की तुझं एकदा सुरळीत पार पडू दे, मग सांगणार होते.

"माझे डोळे आहेत ते, आई," लेक म्हणाली. "त्यांचं काय होऊ शकतं ते आधी मला कळायला हवं होतं. मुलाकडच्यांचं नंतर."

लेकीनं मलमाची डबी बंद केली आणि आत जाऊन दिवा मालवला. आपल्या बहिणीला आपण चार वर्षं रोज बघतो आणि आपल्याला काही दिसलं नाही, हे मामाला लागलं होतं.

लेकीनं दुसऱ्याच दिवशी बेकरीत जाऊन होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि रजा टाकून स्वतःचे डोळे तपासून घेतले. आज तरी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं आत्ता सांगता येत नाही, वर्षातून एकदा दाखवत जा. तिनं घरी येऊन आईला तेवढंच सांगितलं आणि चहा टाकला. दोन कप टाकला, एवढ्यावरून टाचणीबाईंनी ओळखलं, की राग उतरणीला लागला आहे.

विहीणबाईंकडून मात्र चार दिवस काही कळलं नाही. जावई एकदा येऊन गेला. त्याच्या भुवयांना पीठ होतं. मला काही फरक पडत नाही, असं तो म्हणाला, पण आईचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. टाचणीबाई मशीनवर बसायच्या आणि टाके तिरके जायचे. मोडलं लग्न, आणि आपणच मोडलं, असं त्यांनी मनात धरूनच टाकलं.

पाचव्या दिवशी भर दुपारी विहीणबाई आल्या. कण्हत जिना चढल्या, खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या.

"खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या, "दोन दिवस मी नकोच म्हणत होते. नातवंडांपर्यंत जाऊन आले मी मनातल्या मनात. पोराशी भांडले. तो म्हणाला, आधी आपलं बघ. मग लाज वाटली."

"आपलं काय?"

"गुडघे. माझ्या सासऱ्यांचे गेले, नवऱ्याचे गेले, थोरल्या दिराला तर काठीशिवाय उठता येत नाही. माझ्या पोराचे चाळिशीत जाणार, लिहून ठेवा, त्यात पहाटेपासून भट्टीपुढे उभा. ते आम्ही कुठे सांगितलं तुम्हाला? तुम्ही डोळे लपवले, आम्ही गुडघे. फिट्टंफाट."

टाचणीबाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. विहीणबाईंनी त्यांना रडू दिलं, आणि तेवढ्यात शिवायला आलेलं एक कापड उलटसुलट करून बघितलं.

त्या संध्याकाळी सगळे पुन्हा त्या टेबलाशी बसले. लेक म्हणाली, की सकाळचंच लग्न करू. जावई म्हणाला, मी रजा घेतो, एक दिवस लोक शिळा पाव खातील. टाचणीबाईंनी दोघांना थांबवलं. त्यांना लेकीचे ते छोटे दिवे मोडायचे नव्हते. त्या म्हणाल्या, की या दिवसांत सूर्य सव्वासहापर्यंत असतो. लग्न साडेपाचला लावा. जावई चारला उठतोच. मला लागताना दिसेल, आणि मग तुमचे दिवे लावा नि हवं तेवढं बसा. साडेपाच म्हणजे काही सकाळ नव्हे, संध्याकाळच.

हे सगळ्यांना पटलं. फक्त पत्रिका छापून झाल्या होत्या. मामानं ते काम अंगावर घेतलं. तीन दिवस तो पेन घेऊन बसला आणि एकशे वीस पत्रिकांवर सात खोडून साडेपाच लिहीत राहिला. तिकिटं पंच केल्यासारखा त्याचा हात चालत होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं तो अधूनमधून पुटपुटायचा आणि भाचीचा धपाटा खायचा.

लग्न साडेपाचला लागलं. उन्हं आवाराच्या भिंतीवर होती आणि टाचणीबाई पहिल्या रांगेत. त्यांनी सगळं पाहिलं. लेकीनं लग्नाच्या नोंदवहीत सही करण्याआधी पेन दोनदा झटकलं ते, जावयानं अंगरख्याची वरची गुंडी चुकीच्या काजात घातली होती ते, मामा खांबामागे जाऊन नाक पुसून आला तेही.

मग सावल्या लांबल्या, मिसळल्या. टेबलांवरचे दिवे लागले, लोक वा म्हणाले. टाचणीबाईंच्या भोवतीची माणसं एकेक करून आवाजात बदलत गेली. लेकीनं त्यांना दंडाला धरून फाटकाजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना भेटता येईल. शेजारी विहीणबाई पाय लांब करून बसल्या आणि समोर काय चाललंय ते सांगू लागल्या. कोण किती खातंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची साडी पडद्याची वाटते. त्यातलं निम्मं त्या तिखटमीठ लावून सांगत होत्या, हे टाचणीबाईंना कळत होतं.

सातला पाच मिनिटं असताना फाटकाशी एकदम बरीच पावलं वाजली. पोस्टातली सगळी मंडळी आली होती, पोस्टमास्तर पुढे. त्यांच्या पत्रिकांचा गठ्ठा मामाच्या पेनाखालून सुटला होता. मामा तिकडून धावत आला आणि सवयीनं "पुढे सरका" म्हणाला, मग काय झालं ते लक्षात येऊन तिथेच थबकला.

टाचणीबाईंना समोर काहीच दिसत नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"जरा जवळ या," त्या म्हणाल्या. "मला अंधारात दिसत नाही."

पोस्टमास्तर दोन पावलं पुढे आले. त्यांनी ते हात हातात घेतले, आपण कोण ते सांगितलं आणि ओशाळून विचारलं, की आम्हाला उशीर झाला का.

"लग्न लागलं," टाचणीबाई म्हणाल्या. "जेवायला मात्र अगदी वेळेवर आलात. चला, मामा तुम्हाला बसवतो."